साक्रीच्या भट्टीतली हातोडी : डाइकांच्या मुलखात तीन हंगाम वापरल्यानंतरचा अभिप्राय

खान्देशात भूशास्त्राचे क्षेत्रकाम करणाऱ्याच्या हातात कोणती हातोडी आहे, यावर त्याचा दिवस कसा जाणार हे पुष्कळदा ठरते. धुळ्याहून साक्रीकडे किंवा दोंडाईच्याहून नंदुरबारकडे जाताना माळावर ज्या लांबच लांब, अरुंद आणि माथ्यावर खडबडीत अशा टेकड्यांच्या रांगा दिसतात, त्यांतल्या कितीतरी डाइक आहेत. म्हणजे लाव्ह्याच्या आडव्या थरांना उभे चिरत वर आलेला शिलारस भेगेतच गोठून तयार झालेल्या दगडी भिंती. या भिंतींचा ताजा, न कुजलेला तुकडा काढायचा तर बाजारातली कोणतीही हातोडी चालत नाही. गेले तीन हिवाळे मी साक्रीच्या एका लोहाराने घडवून दिलेली हातोडी आणि त्याच्याच दोन छिन्न्या वापरतो आहे. महाविद्यालयातले विद्यार्थी आणि इतर गावांतले सहकारी त्यांविषयी वारंवार विचारतात, म्हणून वापराचा अनुभव एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

याआधीची माझी हातोडी शहरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेली होती. दिसायला ती चकचकीत होती, रबरी मूठ हाताला चांगली बसत होती आणि वेष्टनावर घडीव पोलाद असे छापलेले होते. दुसऱ्याच सहलीत एका डाइकच्या कडेवर घाव घालताना तिच्या तोंडाची कपची उडाली आणि शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या दंडात घुसली. जखम मोठी नव्हती, तरी पिंपळनेरला जाऊन ती कपची चिमट्याने काढून घ्यावी लागली. तो तुकडा थोडा वर लागला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तेव्हापासून माझ्या सहलीत डोळ्यांवर संरक्षक चष्मा नसलेल्या मुलाला हातोडी मिळत नाही, आणि हातोडीच्या टणकपणाइतकाच तिचा चिवटपणाही मी पारखून घेतो. तोंड फार कडक असेल तर कपच्या उडतात आणि मऊ असेल तर ते चेपून पसरते. या दोहोंमधला नेमका बिंदू गाठणे हेच हातोडी करणाऱ्याचे खरे कसब आहे.

साक्रीच्या त्या दुकानात मी मुळात नवी हातोडी घ्यायला गेलोच नव्हतो. जुन्या छिन्नीचे टोक बोथट झाले होते आणि मुक्काम साक्रीला होता, म्हणून चौकशी करत बाजारामागच्या गल्लीत पोचलो. पुढे पत्र्याचे छप्पर, आत जमिनीतली भट्टी, भात्याऐवजी विजेवर चालणारा छोटा पंखा, बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण आणि भिंतीला टेकवून ठेवलेले नांगराचे फाळ, कुदळी, पहारी व दगड फोडायच्या टाक्या, म्हणजे टोकदार छिन्न्या, एवढाच तो पसारा होता. टाक्यांना गावागावाप्रमाणे सुतळी बांधून वेगवेगळ्या जुड्या केलेल्या होत्या. विहिरी खोदणाऱ्या आणि दगड फोडणाऱ्या टोळ्या आपली हत्यारे इथे शेवटायला, म्हणजे टोके पुन्हा घडवून घ्यायला, आणून टाकतात आणि दोन दिवसांनी घेऊन जातात, हे मला नंतर कळले.

दुकानाचे लोहार आप्पा; त्यांनी माझी छिन्नी हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला आणि विचारले, "कोनता गावना दगड शे, सर?" मी गावाचे नाव सांगितले आणि ओढ्याकाठच्या डाइकविषयी सांगू लागलो. त्यांनी मान हलवली आणि त्याच गावची एक जुडी पुढे ओढून टाक्यांची टोके दाखवली. ती घासून बोथट झालेली नव्हती, तर बारीक बारीक टवके उडून तुटलेली होती. शेजारच्या दुसऱ्या गावच्या टाक्या मात्र गोल, गुळगुळीत झिजलेल्या होत्या. पहिल्या गावात काळा, घट्ट कातळ लागतो आणि दुसऱ्या गावात मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, निम्मा कुजलेला, भोकांत पांढऱ्या खनिजांचे मणी भरलेला खडक लागतो. मी त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा सोबत बाळगून होतो आणि त्या नकाशातला फरक मला तिथे लोखंडावर उमटलेला दिसला. एखाद्या भागात खडक कुठे बदलतो याची नोंद ज्याच्या दुकानात रोज आपोआप होते, त्याच्याकडून हातोडी करून घ्यावी, हे मी तिथेच ठरवले. आजही माझ्या लेखी या दुकानाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच आहे: इथे हत्याराला पाणी देताना, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक करताना, ते कोणत्या दगडावर पडणार आहे हे आधी विचारले जाते.

पाणी देणे कसे होते ते मी दोन हात अंतरावर बसून पाहिले. हातोडीचा गोळा त्यांनी भंगारात मिळालेल्या ट्रकच्या ॲक्सलच्या तुकड्यातून घडवला. दांड्याचे भोक पाडून, एका बाजूला चौकोनी तोंड आणि दुसऱ्या बाजूला निमुळते टोक काढून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा भट्टीत घातला. टोक डाळिंबी लाल झाले तसे सांडशीने उचलून दोन बोटे खोल पाण्यात धरले आणि चर्र आवाज बसताच बाहेर काढून विटेच्या तुकड्याने झटपट घासून चकचकीत केले. मधला गोळा अजून तापलेलाच होता, त्यामुळे त्याची उष्णता टोकाकडे सरकू लागली आणि घासलेल्या पोलादावर रंग चढत गेले: आधी फिकट हळदी, मग गडद पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि त्यामागून निळ्याची रेघ. जांभळा रंग टोकाशी पोचला त्या क्षणी त्यांनी तो सगळा पाण्यात बुडवला. तोंडाची बाजू त्यांनी अशीच वेगळी केली आणि दांड्याच्या भोकाजवळचा भाग मुद्दाम मऊ ठेवला. "पानी जास्त दिधं ते टोक फुटी जाई, कमी दिधं ते वाकी जाई," एवढेच ते म्हणाले. हे रंग म्हणजे तापलेल्या पोलादावर चढणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्याचे असतात. पापुद्रा जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलतो, फिकट पिवळा साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो आणि निळा ३०० अंशांच्या आसपास. हळदी रंगावर थांबवलेले टोक अधिक कडक पण ठिसूळ राहते, तर जांभळ्या-निळ्यावर थांबवलेले किंचित मऊ पण चिवट होते. मांजऱ्या खडकासाठीच्या टाक्या आप्पा हळदीवर थांबवतात आणि काळ्या कातळासाठीच्या जांभळ्यावर. धातुशास्त्राच्या पुस्तकाला हे सोडून नाही.

तयार हातोडीच्या गोळ्याचे वजन वाण्याच्या काट्यावर ९४० ग्रॅम भरले. दांड्यासकट ती १ किलो २०० ग्रॅमच्या आसपास जाते. दांडा धामणीचा आहे, लांबी ३६ सेंटिमीटर. धामणीचे लाकूड लवचिक असते, म्हणून घावाचा हादरा मनगटात फारसा उतरत नाही. तोंडाच्या चारही कडा किंचित गोलावून घ्यायला मी सांगितले होते, कारण धारदार कडेचीच कपची आधी उडते. ते त्यांनी न विसरता केले.

आता ही हातोडी ज्या खडकावर पडते त्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय वजनाची आणि पाण्याची ही चर्चा निरर्थक ठरेल. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि खान्देशातले बहुतेक डोंगर त्याच गोठलेल्या लाव्ह्याच्या काळ्या खडकाचे, म्हणजे बेसाल्टचे आहेत. तापीच्या काठाने मात्र तो गाळाच्या जाड थराखाली झाकला गेला आहे. या थरांमधून वर आलेल्या डाइकांची गर्दी नंदुरबार-धुळे पट्ट्यात विलक्षण आहे. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इथल्या २१० डाइकांची मोजदाद आहे. त्यांत सर्वांत लांब डाइक ७९ किलोमीटरची आहे आणि जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत आढळते. बहुतेकींची दिशा जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, म्हणजे त्या काळी इथले पृथ्वीचे कवच उत्तर-दक्षिण ताणले जात होते असे त्यांवरून वाचता येते. विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६०च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी तापीचे खोरे अभ्यासले, तेव्हापासून हा मुलूख भूशास्त्रज्ञांच्या नजरेत आहे, आणि तरीही साक्री तालुक्यातल्या एखाद्या रांगेवर पायी चढलो की अजून नोंद न झालेली भेग, फाटा किंवा वळण सापडते. उपग्रहाच्या चित्रात रेघ दिसते, पण ती रेघ एकाच शिलारसाची आहे की एकाच वाटेने दोनदा वर आलेल्या रसांची, हे तिथे जाऊन कडेचा आणि मधला तुकडा काढल्याखेरीज कळत नाही.

पहिल्या हंगामात हातोडीची खरी परीक्षा ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या दूरवर दिसतात अशा एका डाइकवर झाली. तिथे डाइक जवळपास बारा मीटर रुंद आहे आणि तिच्यातले खांबासारखे सांधे आडवे पडलेले आहेत, जणू कोणी जळणाची लाकडे एकावर एक रचून ठेवावीत. रस थंड होताना आकसतो आणि खांब थंड होणाऱ्या भिंतीशी काटकोनात तयार होतात, म्हणून उभ्या डाइकमध्ये ते आडवे दिसतात. वरचा एक-दीड सेंटिमीटरचा थर तपकिरी, कुजलेला होता. रासायनिक पृथक्करणासाठी असा थर चालत नाही, कारण पावसापाण्याने त्यातले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम निघून गेलेले असते. आधी नुसते ठोकून आवाज ऐकायचा असतो: कुजलेला किंवा आतून तडकलेला दगड बद बोलतो, ताजा दगड घंटेसारखा खणखणतो. खणखणणारा कोपरा शोधून मी सांध्याच्या कडेपासून तीन बोटे आत, किंचित तिरका घाव घातला. पहिला घाव उसळून परत आला. दुसऱ्याला पांढरा ठिपका पडला आणि दगडी पिठाचा जळका वास आला. चौथ्या घावाला कोपऱ्याचा तळहाताएवढा तुकडा शिंपल्याच्या आतल्या वळणासारखा भंग घेऊन सुटला. याच जागी माझ्या जुन्या, हलक्या हातोडीने वीस-पंचवीस घाव घालूनही फक्त कपच्या निघाल्या असत्या, हे मी अशाच कातळांवरच्या अनुभवाने सांगतो.

तो तुकडा दहा पट भिंगाखाली धरला तेव्हा मधल्या भागातले फेल्स्पार या खनिजाचे पांढुरके, सुईसारखे स्फटिक आणि त्यांच्यामधले पायरॉक्सीन या खनिजाचे हिरवट-काळे दाणे स्पष्ट दिसत होते. डाइकच्या अगदी काठावरून, जुन्या लाव्ह्याला चिकटलेल्या भागातून काढलेल्या तुकड्यात मात्र भिंगालाही दाणे वेगळे करता येईनात. सगळे एकजिनसी, काळेभोर, काचेकडे झुकणारे. थंड भिंतीला टेकताच रस झटकन गोठला, स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही. विद्यार्थ्यांना हा फरक फळ्यावर कितीदा शिकवला तरी तो त्या दिवशी हातात आला तसा येत नाही. दिवसभरात सात नमुने निघाले, प्रत्येक साधारण तीन इंच बाय चार इंच. क्रमांक घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून ते कापडी पिशव्यांत भरले, आणि हातोडीच्या तोंडावर संध्याकाळी फक्त बारीक चरे होते. टवका एकही नव्हता.

हीच तुलना परदेशी बनावटीच्या, दांडा आणि गोळा एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेल्या हातोडीशी करणे न्याय्य ठरेल, कारण जगभर भूशास्त्रज्ञांच्या कमरेला तीच लटकलेली दिसते. तिचा गोळा साधारण ६२० ग्रॅमचा असतो आणि तिचे दांडा कधीही सैल न होणे हे फार मोठे सुख आहे. माझ्या एका सहकाऱ्याकडे ती आहे आणि मी तिच्यावरही भरपूर काम केले आहे. सह्याद्रीतल्या मांजऱ्या थरांवर किंवा तापीकाठच्या गाळात ती मला जास्त आवडते, कारण हलकी असल्याने दिवसभर हात दुखत नाही. घट्ट डाइकवर मात्र तीनशे ग्रॅमचा फरक फार जाणवतो, आणि मार्च उलटल्यावर खान्देशच्या उन्हात लाकडी दांडा हाताला जसा वाटतो तसा पोलादी वाटत नाही. शिवाय तिची किंमत या हातोडीच्या सात-आठ पट पडते. महाविद्यालयातल्या मुलाला, विशेषतः सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला, ती घ्यायला सांगण्याचा धीर मला होत नाही.

उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पहिली आणि सर्वांत त्रासाची म्हणजे दांडा. एप्रिलच्या सुरुवातीला लाकूड वाळून आकसते आणि गोळा किंचित हलू लागतो. हलणाऱ्या गोळ्याने घाव घालणे धोक्याचे आहे, तो सुटून जाऊ शकतो. रात्री दांडा पाण्यात बुडवून ठेवला की सकाळी घट्ट बसतो, परंतु हा तात्पुरता उपाय आहे, कारण पुन्हा वाळल्यावर तो आधीपेक्षा जास्त सैल होतो. शेवटी आप्पांनी लाकडी पाचर काढून लोखंडी पाचर मारून दिली आणि दांड्याला जवसाचे तेल तीनदा पाजायला सांगितले. त्यानंतर त्रास पुष्कळ कमी झाला, पूर्ण गेला असे म्हणवत नाही. दुसरी उणीव अशी, की दोन हातोड्या कधीच सारख्या निघत नाहीत. आम्ही विद्यार्थ्यांसाठी एकदम चार करून घेतल्या. त्यांतल्या एकीचे टोक दुसऱ्याच दिवशी वाकले आणि एकीचा तोल टोकाकडे झुकलेला असल्याने घाव तिरपा पडत असे. वाकलेल्या टोकाला त्यांनी पैसे न घेता पुन्हा पाणी दिले, तोल गेलेली तशीच राहिली. ती आता आम्ही फक्त छिन्नीवर मारायला वापरतो. तिसरी गोष्ट गंजाची. या पोलादाला कसलाही मुलामा नाही, त्यामुळे पावसाळ्यात कपाटात ठेवण्याआधी तेलाचे बोट फिरवले नाही तर सप्टेंबरमध्ये ती तांबडी होऊन हाती येते. कमरेला अडकवण्याची पट्टीही सोबत मिळत नाही. मी ती साक्रीच्याच चांभाराकडून कातडी करून घेतली, आणि ती मात्र सुरेख झाली आहे.

छिन्न्यांविषयी वेगळे लिहायला हवे, कारण खान्देशात सगळेच काम डाइकवरचे नसते. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींत आणि नव्या विहिरींच्या ढिगांत बेसाल्टच्या पोकळ्यांमधून स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट या झिओलाइट गटातल्या खनिजांचे आणि त्यांच्यासोबत ॲपोफिलाइटचे सुंदर स्फटिक मिळतात. झिओलाइट हे नाव स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोन्स्टेड यांनी १७५६ साली दिले, त्याचा अर्थ उकळणारा दगड, कारण तापवल्यावर यातले पाणी फेसाळत बाहेर पडते. अशा पोकळीजवळ ही जड हातोडी नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एक किलोचा घाव खडकातून पोकळीपर्यंत पोचतो आणि बोटभर लांबीचा स्फटिक मुळापासून निखळतो. माझ्या हातून पहिल्याच हंगामात एका विहिरीच्या ढिगावर ॲपोफिलाइटचा हिरवट गुच्छ असा फुटला आणि त्याचे तुकडे गोळा करताना मला खरोखर वाईट वाटले. तेव्हा आप्पांनी करून दिलेली बोटाएवढ्या जाडीची चपटी छिन्नी पोकळीपासून चार बोटे दूर धरून, लहान हातोडीने चारी बाजूंनी हळूहळू चीर पाडत जावे. ही छिन्नी उत्तम आहे आणि तिच्यात मला एकही दोष सांगायचा नाही. कॅल्साइट आणि झिओलाइट यांत गोंधळ झाला तर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पुरतो. कॅल्साइट लगेच फसफसतो. छिन्नीचे डोके मार खाऊन छत्रीसारखे फुलते, त्या फुललेल्या कडा वेळीच घासून काढाव्या लागतात, नाहीतर त्याच तुटून उडतात. हे काम आप्पा उभ्या उभ्या करून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत. एक पोलादी हातोडी दुसऱ्या हातोडीवर मारू नये, हेही त्यांनी माझ्या विद्यार्थ्यांना माझ्याआधी सांगितले.

होकायंत्राच्या बाबतीत एक सावधगिरी सांगून ठेवतो. हातोडी पोलादाची आहे आणि सतत ठोकून तिच्यात थोडे चुंबकत्वही येते, म्हणून डाइकची दिशा घेताना ती किमान दोन-तीन पावले दूर ठेवावी. कमरेला हातोडी आणि हातात होकायंत्र असे उभे राहून घेतलेली दिशा माझ्या वहीत एकदा नऊ अंशांनी चुकली होती. मॅग्नेटाइट या लोहखनिजामुळे इथला बेसाल्टही स्वतः चुंबकीय आहे, आणि वीज पडलेल्या माथ्यांवर सुई उगीच फिरते. त्यामुळे मी डाइकवर उभा राहून दिशा घेण्याऐवजी थोडे दूर जाऊन रांगेच्या रेषेवर नजर धरून घेतो आणि दोन्ही टोकांचे जीपीएस बिंदू नोंदवून ताडून पाहतो.

या कामात गावकऱ्यांची भेट रोजच होते, आणि खांद्याला पिशवी व हातात हातोडी दिसली की पहिला प्रश्न विहिरीच्या पाण्याचा असतो. डाइकांच्या मुलखात हा प्रश्न टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. घट्ट डाइक भूजलाच्या प्रवाहाला आडव्या बांधासारखी अडवते, त्यामुळे तिच्या वरच्या अंगाच्या विहिरीला पाणी टिकते आणि खालच्या अंगाची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते. भेगाळलेली डाइक असेल तर मात्र याच्या उलट ती पाणी वाहून नेते. कोणती कशी आहे, हे तिच्यावर हातोडी मारून, सांधे किती जवळजवळ आहेत ते पाहून थोडेफार सांगता येते. मी एवढेच सांगतो, जागा निश्चित करून देत नाही. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे अर्ज करायला सांगतो. हातोडी चालवण्यापूर्वी शेतमालकाला विचारावे, वनक्षेत्रात परवानगीशिवाय नमुना काढू नये आणि लळिंग, सोनगीरसारख्या किल्ल्यांच्या कातळावर घाव घालू नये, हे माझ्या सोबत येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावतो.

व्यवहाराविषयी आता थोडक्यात. हातोडीचे मी दांड्यासकट ६५० रुपये दिले, दोन छिन्न्यांचे मिळून ३०० आणि पाणी पुन्हा देण्याचे प्रत्येकी ४० रुपये. पावती मिळत नाही, महाविद्यालयाच्या खात्यातून खरेदी करायची असेल तर ही मोठी अडचण आहे; आम्ही चार हातोड्यांची रक्कम शेवटी वर्गणीने भरली. मे-जूनमध्ये जाऊ नये, कारण पेरणीपूर्वी फाळ आणि कोळपी यांची रांग लागलेली असते आणि आप्पा शेतकऱ्याचे काम मागे ठेवत नाहीत, ते योग्यच आहे. दिवाळीनंतरचा काळ उत्तम. जाताना आपण ज्या खडकावर काम करणार त्याचा मुठीएवढा तुकडा सोबत न्यावा. गावाचे नाव सांगूनही काम भागते, पण तुकडा दिला की ते तो ऐरणीवर ठेवून एकदा ठोकतात, आवाज ऐकतात, आणि मगच पोलादाचा तुकडा निवडतात. या डिसेंबरमध्ये मी शहाद्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी काम सुरू करतो आहे. तिथला एक नमुना गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे ठेवून आलो, आणि या वेळी दीड किलोची सुतकी, म्हणजे दगडफोडीची जड हातोडी, सांगितली आहे, दांडा दोन बोटे अधिक लांब.